नावाड्याच्या गाण्यातली मींड

३ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र बाबांच्या कामाचं आहे, आपल्या दोघींचं नाही. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे निदान शेवटपर्यंत वाचशील. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाहीस. तो विषय इथे काढायचा नाहीये.

काम असं आहे. एका रेकॉर्ड कंपनीनं बाबांची बारा लोकगीतं काढायचं ठरवलंय. सायकलवरून गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या माणसांसमोर बसून बाबा जी गाणी उतरवून आणायचे आणि मग चेलोसाठी मांडायचे, तीच ही. वाजवणार मी. दुसरं कोण वाजवणार? ती सगळी पाठ असलेली मीच एक उरले आहे, आणि साठी आली असली तरी माझा डावा हात अजून माझं ऐकतो. बारावं गाणं बाबांनी अर्धंच लिहून ठेवलंय, ते मी पुरं करीन. जमेल मला.

अडचण एकच आहे. तुला आठवत असेल, मी शिष्यवृत्तीवर बाहेर शिकत होते तेव्हा बाबांचं हे वादन रेडिओवरून लागलं होतं आणि त्यांनी ते कॅसेटवर उतरवून मला पोस्टानं पाठवलं होतं. ती कॅसेट ऐकूनच मी ही गाणी बसवली. वसतिगृहाच्या खोलीत, पलंगाच्या काठावर बसून, एकेक ओळ शंभर वेळा. गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरनं ती खाल्ली. पेन्सिलीनं गुंडाळून काही उपयोग झाला नाही, पाचव्या गाण्यापासून पुढे फीत सुरकुतून गेली आहे.

आणि बाबांच्या वहीत आणि कॅसेटमध्ये फरक आहे. नावाड्याच्या गाण्याची तिसरी ओळ घे. वहीत तिथे सरळ स्वर लिहिलाय. कॅसेटवर मात्र बोट खालच्या स्वरावरून घसरत वर जातं, लहानशी, जरा संकोचलेली मींड आहे. मी गेली तीस वर्षं ती विद्यार्थ्यांना ‘बाबांची मींड’ म्हणून शिकवते आहे. ती त्यांच्या बोटांत पक्की बसली पाहिजे म्हणून मी कितीजणांना रडवलंय. आता कंपनीचे गृहस्थ विचारतात, बाई, वहीप्रमाणे वाजवणार की कॅसेटप्रमाणे? मूळ रेकॉर्डिंग मिळालं तर हे सगळे अंदाज मिटतील.

तुझ्याकडे त्या वादनाची एखादी प्रत आहे का? त्या वेळी तू घरी होतीस. ट्रंकेत, जुन्या वह्यांत, कुठेतरी असेल. बघ.

ताई

२६ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या गुरांच्या दवाखान्यातल्या गाभण गाईंपुढे बहिणीचं पत्र काय विशेष. मी शोध सुरू केलाय आणि तो तुझ्यावाचूनही लागेल, तरी तुला कळवत राहणार आहे, कारण घरात दुसरं कुणी नाही ज्याला यातलं काही कळेल.

रेडिओ केंद्रात जाऊन आले. बाबा जिथे वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर बसायचे तो मोठा स्टुडिओ आता अर्धा गोदाम झालाय, मोडक्या खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसवून ठेवल्यात. संग्रह सांभाळणाऱ्या बाई चांगल्या आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी मला हातानं लिहिलेली जाड नोंदवही दिली आणि म्हणाल्या, बसा आणि शोधा, माझ्या डोळ्यांना आता हे अक्षर झेपत नाही. मी तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी सापडलं: लोकगीतं, चेलो, दोन स्पूल, खाली बाबांचं नाव. पुढच्या रकान्यात लाल शाईनं ‘पुसून पुनर्वापर’ असा शिक्का. पण त्याच शिक्क्यावर कुणीतरी बारीक रेघ मारून बाजूला सही केली होती. बाई म्हणाल्या, ही सही आमच्या जुन्या रेकॉर्डिंगवाल्या काकांची. पुसायला काढलेल्या टेप ते निवृत्त होताना परवानगी घेऊन घरी घेऊन गेले. आहेत अजून, पत्ता देते.

ते काका त्यांच्या मुलीकडे गेले आहेत, पंधरवड्यानं परत येणार. तोवर मी रिकामी बसले नाही. जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या तीन दुकानांत जाऊन आले. तिसऱ्या दुकानदारानं मोठ्या ऐटीत एक तबकडी काढून दिली, वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘चेलोवर लोकधून’. घरी आणून लावली. वीस सेकंद चेलो वाजला आणि मग एका गृहस्थांनी चाळीस मिनिटं गुरांच्या लाळखुरकत रोगाबद्दल माहिती दिली. तुला पाठवीन म्हणते, वीस सेकंद सोडली तर बाकी सगळी तुझ्या कामाची आहे.

जाता जाता. त्या दिवशी, बाबांचे दिवस झाल्यावर, चेलो कुणी न्यायचा यावरून आपलं जे बोलणं झालं त्यात मी थोडी कडक बोलले असेन. माणूस अशा वेळी बोलतं. एवढंच.

ताई

१९ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं: ‘माझ्याकडे काही नाही. ताई, शोधू नकोस.’ पहिलं वाक्य मला कळलं. दुसरं का लिहिलंस ते कळायच्या आतच मी काकांच्या दारात उभी होते.

आता जे झालं ते सरळ सांगते. पाच दिवस झाले, हात अजून कामाला लागत नाहीयेत म्हणून लिहिते आहे.

काका पंच्याऐंशीचे आहेत. घर नीटनेटकं, एका भिंतीला छतापर्यंत टेपचे डबे, प्रत्येकावर स्वच्छ अक्षर. मी बाबांचं नाव सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मला विचारलं, “तुम्ही मोठ्या की धाकट्या?”

“मोठी.”

“म्हणजे बाहेर होतात त्या.” मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. “तुम्हाला सांगितलंय का घरी कुणी?”

मला वाटलं, टेप खराब झाली असेल. मी म्हटलं, जे असेल ते ऐकवा, मी ऐकण्यातच आयुष्य घालवलंय. ते उठले, स्वतः स्पूल चढवलं, फीत हळुवार ओवली.

पहिलं गाणं लागलं आणि मी ओळखीचं हसले. माझं वसतिगृह, पलंगाचा काठ, सगळं समोर आलं. पण कॅसेटवर रेडिओची खरखर होती, इथे ती नव्हती. इथे खोली ऐकू येत होती, खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. आणि गज उचलायच्या आधी कुणीतरी नाकानं छोटा श्वास घेत होतं, सर्दी झाल्यासारखा. बाबा असा श्वास घेत नसत. बाबा गज उचलताना श्वास रोखून धरत.

तरी मी स्वतःला समजावलं, सर्दी झाली असेल त्यांना. इतकी मूर्ख मी.

नावाड्याचं गाणं आलं. तिसरी ओळ आली. खोलीत एवढी शांतता होती की बोट तारेवरून घसरतानाचा आवाजही कळला, आणि माझ्या हातानं मला सांगितलं काय चाललंय ते. तिथे वरचा स्वर करंगळीनं घ्यायचा असतो. हात जागचा हलवावा लागत नाही, करंगळी टाकली की झालं. ज्याची करंगळी चालत नाही त्यालाच तिथे अख्खा हात वर सरकवावा लागतो, आणि मग ती मींड येते. बाबांची करंगळी उत्तम होती. आपल्या घरात करंगळी कुणाची वाकत नव्हती? अकराव्या वर्षी झोपाळ्याच्या कडीत कुणाची सापडली होती? मी तर समजत होते, तेव्हाच तुझा चेलो सुटला.

मी काकांना म्हटलं, “हे बाबा नाहीत.”

ते म्हणाले, “नाहीत.”

मग त्यांनी सांगितलं. बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. वाद्यवृंदात इतरांच्या आवाजात तो लपवता येतो, एकट्याच्या वादनात नाही. केंद्रानं कार्यक्रम जाहीर केला होता. बाबा एकदा आले, मायक्रोफोनसमोर बसले, आणि गज तारेवर टेकवताच टकटक आवाज येऊ लागला. काका म्हणाले, असू दे, पुन्हा घेऊ. बाबा उठून गेले. पुढच्या रविवारी केंद्र बंद असताना ते एका मुलीला घेऊन आले. एकोणीस वर्षांची, कॉलेजची बॅग खांद्यावर. ती वाजवायची, बाबा शेजारी बसून पानं उलटायचे आणि पायानं ताल धरायचे. सहा रविवार लागले. बारावं राहिलं, कारण त्याच्या आधीच बाबांना दवाखान्यात नेलं. वर्षभरानं मी परत आले तेव्हा कंप नुकताच सुटलाय, असं बाबांनी मला सांगितलं होतं.

दुसऱ्या स्पूलच्या शेवटी काका यंत्र थांबवायला विसरले होते. तो भाग त्यांनी मला विचारून लावला. शब्द न् शब्द लिहिते, तुला आठवत नसेल तर आठवावा म्हणून.

बाबा विचारतात, “दमलीस?”

तू म्हणतेस, “हात भरून आलेत. पण बाबा, ताईला कळवायचं नाही. तुमचा हात गेला म्हणून कळलं तर ती सगळं टाकून परत येईल. तिचं एकच वर्ष राहिलंय.”

“आणि तुझं वर्ष?”

तू हसतेस. “माझ्या गाई थांबतील.”

मग खट् आवाज.

काकांनी मला पाणी दिलं. मी प्यायले आणि तोच भाग पुन्हा लावायला सांगितला. त्यांनी तीनदा लावला आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्या वर्षी तू परीक्षेत नापास झालीस. मी तिकडून तुला चार पानी उपदेश लिहिला होता. जबाबदारी, शिस्त, बाबांना काय वाटेल वगैरे. आठवतंय मला. तुलाही आठवत असणार.

ताई

८ एप्रिल

धाकटे,

नऊ वर्षांनी आपण फोनवर बोललो आणि तू माझ्याशी एखाद्या शेतकऱ्याशी बोलावं तशी बोललीस. काय झालंय, कधीपासून, काय करायचं नाही. सहा मिनिटं. फोन ठेवतानाही ‘बरं’ एवढंच. मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, म्हणून मी वाद घातला नाही. आता घालते.

तुझं म्हणणं मी असं समजले: बाबा गेले, त्यांचं नाव चांगलं आहे, ते तसंच राहू दे. ताई, तू तुझी गाणी वाजव, लोक ऐकतील, संपलं. माझं नाव कुठे यायला नको, मी वीस वर्षांत चेलोला हात लावलेला नाही.

मी नीट ऐकून घेतलं आणि मला ते मान्य नाही.

बाबांनी गाणी शोधली आणि मांडली. तू वाजवलीस. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि वेष्टनावर दोन ओळींत मावतात. बाबांचं यात काय कमी होतं? हात गेलेल्या माणसानं सहा रविवार मुलीच्या शेजारी बसून आपली गाणी पुरी करून घेतली, हे ऐकून कुणी त्यांना नावं ठेवणार नाही. ठेवलीच, तर माझ्याकडे पाठव.

मी कंपनीच्या गृहस्थांना टेप ऐकवली. माझं वादन काढायचं नाही, हेच काढायचं, असं सांगितलं. ते बिचारे आधी गोंधळले, मग त्यांनी ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर विचारलं, या बाई आता कुठे वाजवतात? मी म्हटलं, त्या अडलेल्या गाई सोडवतात. ते कागदावर लिहून घ्यायला लागले.

विद्यार्थ्यांनाही सांगितलं. सोपं नव्हतं, ते तुला कळेल. त्यांना सगळ्यांना एकत्र बसवलं आणि म्हटलं की नावाड्याच्या गाण्यातली ती मींड बाबांची नाही, माझ्या धाकट्या बहिणीची आहे, आणि ती वाकड्या करंगळीमुळे आली आहे. ज्यांची करंगळी धड आहे त्यांनी वहीप्रमाणे वाजवलं तरी चालेल. एक मुलगी, फारशी न बोलणारी, म्हणाली, “पण बाई, मला ती आवडते. मी तशीच वाजवणार.” बाकीच्यांनीही माना हलवल्या. म्हणजे छत्तीस वर्षांत तुझे किती विद्यार्थी झाले ते मोज एकदा. त्यात पहिली मी.

हो, मी. मी जे काही वाजवते, त्याचं अर्धं वळण त्या कॅसेटचं आहे. बाबांकडून मी शिकले ते लहानपणी. मोठेपणी माझ्या कानात तू होतीस.

वेष्टनासाठी तुझं पूर्ण नाव हवं, आणि संमतीची सही हवी. कागद सोबत पाठवलाय. तुझ्या सहीशिवाय मी काही काढू देणार नाही, तेवढी तुझी इच्छा मी मोडत नाही. पण तुझ्या मागे लागणार आहे, हे समजून अस.

ताई

२१ एप्रिल

धाकटे,

कागद कोरा परत आला. मला वाटलंच होतं.

हे पत्र पोस्टानं येणार नाही. मी तुझ्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून ते लिहिते आहे. सकाळच्या बसनं आले. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कोणतं जनावर? मी म्हटलं, मीच. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग तुझ्या नाकाची आठवण झाली असावी, कारण लगेच नंबर दिला. नववा. माझ्या डाव्या बाजूला टोपलीत मांजर आहे, उजवीकडे एक शेळी मालकाच्या पायावर पाय देऊन उभी आहे. दार उघडझाप होतं तेव्हा तू दिसतेस. बाह्या कोपरापर्यंत वर, केस पांढरे, जाड झाली आहेस. चांगली दिसतेस. मगाशी कुणाला तरी झापत होतीस, वासराला वेळेवर का आणलं नाही म्हणून. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

लिहून आणते आहे कारण बोलायला लागले की मी हुकूम सोडते. लहानपणापासून तसंच आहे. म्हणून तू आधी हे वाच, मग मी बोलेन.

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की त्या दिवशी मी थोडी कडक बोलले असेन. ते खोटं होतं. मी काय बोलले ते मला शब्दशः आठवतं आणि नऊ वर्षं आठवतं आहे. सगळे नातेवाईक बसलेले असताना तू म्हणालीस की बाबांचा चेलो काही दिवस तुझ्याकडे ठेवावासा वाटतो. आणि मी म्हणाले, “जिनं बाबांसाठी आयुष्यात एक स्वर वाजवला नाही, तिनं त्यांच्या चेलोला हात लावायचा नाही.” तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या तोंडात उत्तर होतं, अकरा गाण्यांचं उत्तर होतं, आणि त्याला रेकॉर्डिंगवाल्या काकांची साक्ष होती. तू चपला घातल्यास आणि निघून गेलीस.

का बोलली नाहीस, यावर मी महिनाभर डोकं फोडलं. आता वाटतं की मला कळलंय. तू तेव्हा तोंड उघडलं असतंस तर सगळ्यांदेखत माझ्याकडून माझी कॅसेट गेली असती, आणि बाबा जाऊन तेरा दिवस झाले होते. पुन्हा एकदा तू मला एक वर्ष मिळवून दिलंस. नंतर त्याची नऊ झाली, ती माझ्या अहंकारानं.

मी चुकले. तू लहान होतीस म्हणून मी तुला लहान समजले आणि ते सोयीचं होतं म्हणून पुढेही तसंच समजत राहिले. माफ कर म्हणायला मला साठ वर्षं लागली. म्हणते आहे. माफ कर.

सहीचं आज काढणार नाही. नाव द्यायचं की नाही ते तू ठरव, आणि तू नाही म्हणालीस तर ती टेप आपण दोघी ऐकू आणि डब्यात ठेवू. ते मी मनापासून लिहिते आहे, धमकी नाही. पण बारावं गाणं मला हवंय. बाबांनी पुढची अर्धी मांडणी तुला नुसती गाऊन दाखवली असणार, तुम्ही सहा रविवार एकत्र होतात. मी स्वतः ती पुरी करून पाहिली. चांगली झाली आहे, पण ती माझी आहे, त्यांची नाही. तुला वाजवायला नको, बोटं आता तशी नसतील. तू गुणगुण, मी वाजवीन. चुकलं तर थांबव. तू मला कधी थांबवलं नाहीस, आता थांबवायची सवय कर.

मांजराचं झालं. शेळी आत जायला तयार नाही, मालक ओढतोय, तू आतून ओरडते आहेस की ओढू नका, तिच्या मागून चाला. गेली एकदाची.

खिडकीतल्या बाई माझ्याकडे बघून मान हलवतायत. पुढचा नंबर माझा आहे. पत्र घडी घालते आणि उठते.

ताई